आधी परसू, मग घर

हल्ली आपल्या खेड्यांतून घरबांधणीचा उत्साह मोठा दिसतो. उसाचे, द्राक्षाचे किंवा कांद्याचे एखादे साल बरे गेले, मुलगा नोकरीस लागला, अगर रस्त्यासाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला हाती आला, की पहिला विचार होतो तो घराचा. यात गैर काही नाही. ज्याने आयुष्यभर पावसाच्या लहरीवर प्रपंच चालविला, त्यास उतारवयात पक्क्या छपराखाली निजावेसे वाटणे साहजिक आहे. आमचे म्हणणे घर बांधण्याविरुद्ध नाही. ते नव्या घरांच्या घडणीविषयी आहे. शेतकऱ्याच्या हातात एवढी रक्कम जन्मात बहुधा एकदाच येते. ती चुकीच्या आराखड्यात घातली, तर पुढच्या दोन पिढ्यांस ती चूक राहून भोगावी लागते. यास्तव हा विषय कृषिमासिकात यावयास हवा असे आम्हांस वाटते.

नव्या घराचा नमुना आता सर्वत्र एकच झाला आहे. रस्त्याकडे तोंड केलेली, चहूंबाजूंनी ऊन घेणारी सिमेंटची चौकोनी पेटी. वर सपाट स्लॅब. समोर मोटार उभी राहील एवढी फरशी. मागे हातभर रुंदीचा बोळ आणि जिन्याखाली कुंडीत लावलेले एखादे क्रोटन. चैत्र-वैशाखात दिवसभर तापलेली स्लॅब रात्री उष्णता खाली सोडू लागते, तेव्हा घरातील माणसे अंथरुणे घेऊन बाहेर पडू पाहतात; पण बाहेर अंगण उरलेले नसते. ज्या कुटुंबाच्या नावे पाच एकर काळी जमीन आहे, त्याच्या स्वयंपाकघरात कोथिंबीर, लिंबू व कढीलिंब आठवड्याच्या बाजारातून विकत येतो, आणि न्हाणीचे पाणी गल्लीत वाहून शेजाऱ्याशी भांडणाचे कारण होते. शहरातील माणसास जागा मिळत नाही म्हणून तो अशा पेटीत राहतो. ज्यास जागा आहे त्याने त्याची नक्कल करावी, हे आम्हांस उलट वाटते.

आमचे मत थोडक्यात असे : शेतकऱ्याने घर बांधताना आधी बागेची जागा ठरवावी, आणि मग तिच्या भोवती घर आखावे. बाग म्हणजे शोभेची फुलझाडे नव्हेत. भाजी, फळ, सावली, सांडपाण्याची सोय आणि बसण्याउठण्याची उघडी पण आडोशाची जागा, या सर्वांस मिळून आम्ही बाग म्हणतो.

ही कल्पना नवी नाही. देशावरच्या चौसोपी वाड्याचा चौक, कोकणातील घरापुढचे खळे व मागचे परसू, विदर्भातील कवेलूच्या घरामागची वाडी, ही सर्व याच विचाराची रूपे होत. वास्तुशास्त्र मानणाऱ्यांसही आम्ही आठवण देतो की, त्या शास्त्रात घराच्या मध्यभागास ब्रह्मस्थान म्हणतात व तो भाग मोकळा ठेवावा असे सांगतात. परंतु दाराची दिशा पाहण्यात गुंतलेले लोक नेमके हेच विसरतात.

तथापि जुने ते सगळे सोने, असे आम्ही म्हणत नाही. जुन्या माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागे. गुरे व माणसे पुष्कळ ठिकाणी एकाच छपराखाली नांदत. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व आसपासच्या गावांत जे घडले, ते विसरून जुन्या घरांची स्तुती करणे हा अपराध होईल. त्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मेली. चिखलात रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती, त्यांच्या आतल्या व बाहेरच्या पडद्यांस सांधणारे लांब बंधाचे दगड नाहीत, आणि वर मातीच्या जड माळवदाचे ओझे. अशी घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली. परंतु यात दोष चौकाचा नव्हता, भिंतीच्या सांधणीचा होता. म्हणून भिंत विटेची असो वा दगडाची, जोत्याच्या पातळीस, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली असा तीन ठिकाणी सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा सर्व भिंतींतून फिरवावा, दगडी भिंतीत बंधाचे दगड घालावे, आणि हे काम जाणत्या अभियंत्याच्या नजरेखाली करून घ्यावे. येथे काटकसर करू नये. आराखडा जुन्याचा घ्यावा, सांधणी नव्याची घ्यावी.

आता आडोशाचा प्रश्न. खासगीपणा हा शब्द शहरातला वाटतो. पण त्याची गरज खेड्यातील स्त्रीस अधिक आहे. धान्य पाखडणे, पापड-कुरडया वाळत घालणे, न्हाऊन केस वाळविणे, बाळंतिणीने कोवळ्या उन्हात बसणे, दुपारी घटकाभर पाठ टेकणे, या सर्वांस उघडी हवा पाहिजे, पण रस्त्यावरची नजर नको. जुन्या चौकात हे सर्व सहज होत असे. नव्या बंगल्यात पुढचा ओटा पुरुषांचा व वाहनांचा झाला, मागचा बोळ कोणाच्याच उपयोगाचा राहिला नाही, आणि स्त्रीच्या वाट्यास आली ती गच्ची, जेथे उन्हाळ्यात सकाळी दहानंतर पाय ठेववत नाही. घराचा आराखडा गवंडी, कंत्राटदार आणि घरातील कर्ता पुरुष असे तिघे मिळून ओट्यावर ठरवितात. आणि ज्या बाईस त्या घरात दिवसाचे चोवीस तास काढावयाचे, ती आत चहा करीत असते. आमची आग्रहाची सूचना आहे की, पहिली रेघ मारण्यापूर्वी तिला त्या बैठकीत बसवावे व तिचे म्हणणे आधी ऐकावे.

नुसता उपदेश करून थांबावयाचे नाही, म्हणून एक नमुना देतो. चार गुंठे, म्हणजे ६६ फूट लांब व ६६ फूट रुंद जागा धरू. तिच्यात दक्षिणोत्तर ४८ फूट व पूर्वपश्चिम ३६ फूट एवढ्या चौकटीत तीन बाजूंनी घर बांधावे. पश्चिमेची बाजू १२ फूट खोल, उत्तर व दक्षिणेच्या बाजू १४-१४ फूट खोल. मध्ये २० फूट रुंद व २४ फूट लांब चौक राहतो, तो पूर्वेस उघडा; तेथे सात फूट उंच भिंत व तिच्यात एक दिंडी दरवाजा ठेवावा. छपराखालची जागा ओसऱ्यांसह १,२४८ चौरस फूट होते, जी पाच-सात माणसांच्या कुटुंबास पुरेशी आहे. चौक व भोवतालची मोकळी जागा मिळून ३,१०८ चौरस फूट, म्हणजे पावणेतीन गुंठ्यांहून अधिक, बागेस उरते.

दिशा अशा का, तेही सांगितले पाहिजे. आपल्या प्रांतात सर्वांत जाचक ऊन दक्षिणेचे नसून पश्चिमेचे असते. कारण उन्हाळ्यात दुपारी सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो व नंतर कलत्या किरणांनी पश्चिमेची भिंत तापवितो. पावसाचा माराही त्याच बाजूने व नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पश्चिमेस निजण्याच्या खोल्या न ठेवता कोठी, अवजारांची खोली, न्हाणी व जिना ठेवावा. ती भिंत जाड करून तिला खिडक्या थोड्या व लहान असाव्यात. स्वयंपाकघर दक्षिण बाजूच्या पूर्व टोकास असावे, म्हणजे पश्चिमेच्या वाऱ्याने धूर घरात न शिरता बाहेर जातो. बसण्याची ओसरी व निजण्याच्या खोल्या उत्तरेच्या बाजूस, चौकाकडे तोंड करून ठेवाव्यात. चौकाकडील सर्व बाजूंस चार-पाच फुटांची पडवी असावी, म्हणजे पावसात न भिजता एका खोलीतून दुसरीत जाता येते.

चौक २० फुटांहून अरुंद करू नये. मार्गशीर्ष-पौषात दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो; त्या वेळी दहा फूट उंचीच्या वळचणीची सावली उत्तरेस नऊ ते दहा फूट पडते. चौक २० फुटांचा असला तर निम्मा भाग हिवाळ्यातही उन्हात राहतो. त्या उत्तरेकडील निम्म्यात मेथी, पालक, कोथिंबीर, मिरची, वांगी ही उन्हाची भाजी व मध्ये तुळशीवृंदावन. दक्षिणेकडील सावलीच्या पट्ट्यात अळू, हळद, आले. चौक फरशीने मढवू नये. चालण्यापुरती दगडी वाट करावी व बाकी माती मोकळी ठेवावी.

घराबाहेर पूर्वेस अठरा, पश्चिमेस बारा, दक्षिणेस दहा व उत्तरेस आठ फूट ठेवावेत. पश्चिमेस भिंतीपासून थोडे दूर वेलीचा मांडव घालावा; त्यावर दोडका, कारले, घेवडा चढवावा, म्हणजे भाजीही मिळते व भिंतीवर ऊनही पडत नाही. त्याच हद्दीवर शेवगा व सीताफळ लावावे. पूर्वेस पेरू, कागदी लिंबू, कढीलिंब, पपई. कडुनिंबासारखे मोठे झाड भिंतीपासून वीस फुटांच्या आत लावू नये; वड, पिंपळ व उंबर यांस तर घराजवळ मुळीच थारा देऊ नये, कारण त्यांची मुळे पायात शिरतात. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर (१९२४–२००१) यांनी प्रयोग परिवाराच्या द्वारे, पाच माणसांचे कुटुंब दहा गुंठ्यांत नीट जगू शकते, हा विचार मांडला होता. त्यांच्याइतके काटेकोर होणे सर्वांस साधणार नाही. पण ज्यास एकरांनी जमीन आहे त्याने तीन गुंठ्यांत घरची भाजी व मुलांपुरते फळ काढू नये, ही लाजेची गोष्ट होय.

बाग म्हटली की पाण्याचा प्रश्न येतो. अवर्षणाच्या तालुक्यातील वाचक म्हणतील, पिण्यास पाणी नाही, बागेस कोठले? त्यांनी हा हिशेब पाहावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. १,२४८ चौरस फूट म्हणजे सुमारे ११६ चौरस मीटर. वर्षास ६०० मिलिमीटर पाऊस धरला व पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी ५५ हजार लिटर पाणी छपरावरून वाहून जाते. छपराच्या आतल्या उताराचेच पाणी पन्हळीने धरले तरी २५ हजार लिटरांहून अधिक होते. पाच माणसांस पिण्यास व शिजविण्यास रोजचे ३० लिटर धरले, तर पावसाळ्याबाहेरच्या आठ महिन्यांस ७,२०० लिटर लागतात. आणि आठ फूट व्यासाचा, सात फूट खोल हौद सुमारे दहा हजार लिटर पाणी ठेवतो. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे, पन्हळीच्या तोंडाशी वाळू-खडीची गाळणी असावी, हौद पक्का झाकलेला व अंधारा असावा आणि पाणी उकळून प्यावे.

बागेस लागणारे पाणी मात्र हौदाचे नव्हे, न्हाणीचे व मोरीचे. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे मान धरले आहे. पाच माणसांचे ते २७५ लिटर होते, व त्यातील सुमारे २०० लिटर अंघोळ, धुणे व भांडी यांतून परत बाहेर पडते. हे पाणी आधी राख व चरबी अडविणाऱ्या लहान टाकीतून, मग वाळू-खडीच्या चरातून न्यावे. चराच्या कडेस कर्दळ लावावी व शेवटी ते केळीच्या बुंध्यांस व पपईस सोडावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीवर ते घालू नये. पाणी कोठेही उघडे साचू देऊ नये; उरलेले शोषखड्ड्यात जावे. नांदेड जिल्ह्यात गावोगाव असे शोषखड्डे करून गटारे व डास कमी करण्याचे काम झाले आहे; जे गावास साधले ते एका घरास जड नाही. शौचालयाचे पाणी यात मिसळू नये. त्यास दोन खड्ड्यांची वेगळी पद्धत ठेवावी, व तो भाग विहिरीपासून दूर असावा.

गोठा घराच्या चौकटीत न ठेवता पूर्वेच्या हद्दीपलीकडे बांधावा. चार-पाच जनावरांचे ५० किलो शेण रोज मिळाले तर दोन घनमीटरांचे गोबरगॅस सयंत्र चालते, व त्यावर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. मळी बागेस जाते. उकिरडा घराशेजारी राहत नाही व घरातील स्त्रीचे डोळे धुराने जात नाहीत. उत्तरेकडील बाजूच्या छपराचा आतला उतार दक्षिणेस तोंड करून असतो. सौर पॅनेल बसविण्यास तो सोयीचा आहे.

बांधकामाचे सामान शक्य तितके जवळचे घ्यावे. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळील सेगावात राहावयास गेले, तेव्हा तेथील कुट्या माती, बांबू व कवेलू यांच्याच झाल्या, व त्या सेवाग्रामात आजही उभ्या आहेत. लॉरी बेकर (१९१७–२००७) हा इंग्रज स्थापत्यकार भारतात येऊन केरळात स्थायिक झाला. गावाच्या पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानाने घर बांधावे, हा गांधीजींचा विचार त्याने आयुष्यभर आचरिला. विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवावयाची, ही भिंतीची रीत त्याने तेथे रूढ केली. तिने सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात व पोकळीतील हवेमुळे भिंत कमी तापते. जांभा जेथे निघतो तेथे जांभा, काळा दगड जेथे आहे तेथे दगड, व कौले जेथे मिळतात तेथे कौले. सिमेंट पायात, पट्ट्यांत व हौदात. स्लॅब घालावयाचीच असेल तर तिच्या वर दरवर्षी फाल्गुनात चुन्याचा पांढरा हात द्यावा.

खर्चाचा हिशेब प्रामाणिकपणे सांगतो. इतक्याच जागेची ३२ फूट बाय ३९ फूट अशी पेटी बांधली तर बाहेरची भिंत १४२ फूट होते. आमच्या नमुन्यात चौकाकडच्या भिंती धरून ती २१६ फूट होते. परंतु पेटीत मधल्या भिंती लांब लागतात, तीन बाजूंच्या घरात आडव्या चार भिंतींवर भागते. सर्व धरून सुमारे ५० फूट भिंत जास्त पडते, हे खरे. उलट पक्षी, १२-१४ फुटांच्या गाळ्यास जाड खांब व तुळया लागत नाहीत, आणि घर टप्प्याटप्प्याने बांधता येते. पहिल्या साली हौद, झाडे व दक्षिणेची बाजू, पुढे पीक आले की उत्तरेची, मग पश्चिमेची. पेटीचे तसे नाही. ती अर्धी बांधून राहता येत नाही, म्हणून कर्ज काढावे लागते. शेतीच्या कर्जास पिकाची आशा असते, घराच्या कर्जास कसलीच नसते. केवळ या एका कारणास्तव आम्ही चौकाच्या घरास पहिला मान देऊ.

कोणी म्हणतील, झाडी आली की साप आले. साप येतो तो उंदरामागे, आणि उंदीर राहतो अडगळीत. जोत्याभोवती तीन-चार फूट जागा स्वच्छ ठेवावी, सरपण भिंतीस टेकून रचू नये, धान्य घट्ट कोठ्यांत ठेवावे. भीती पुष्कळ कमी होते. कोणी म्हणतील, उद्या भाऊ वेगळे झाले की चौकात भिंत येणार. ही भीती खरी आहे. कित्येक उत्तम वाडे याच भिंतीने मेले. यावर उपाय असा की, घर बांधतानाच प्रत्येक बाजूस स्वतंत्र दार व मोरीची सोय ठेवावी, आणि वाटणीपत्रात चौक, हौद व परसू अविभाज्य व सामाईक राहतील असे लिहून ठेवावे. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटेकरी आहेत. तेव्हा हे लिखाण त्यांच्याही संमतीने व्हावे. आणि कोणी म्हणतील, बंगला नसेल तर मुलास मुलगी कोण देणार? त्यांस आमचे उत्तर असे की, मुलगी पाहुणी म्हणून येते तेव्हा ती समोरचा खांब पाहते. नांदावयास येते तेव्हा मोरी, चूल, पाणी व बसण्याची सावली पाहते. मुलीच्या बापानेही खांब मोजण्याऐवजी परसू पाहण्याची रीत पाडावी.

ज्यांची घरे बांधून झाली आहेत त्यांनीही निराश होऊ नये. पश्चिमेस वेलीचा मांडव, अंगणातील निम्मी फरशी काढून माती मोकळी करणे, न्हाणीचे पाणी केळीस वळविणे व छपराचे पाणी हौदात धरणे, एवढे येत्या पावसाळ्यापूर्वी कोणासही करता येईल. गावठाणाबाहेर शेतात बांधावयाचे असेल त्यांनी महसूल खात्याचे व ग्रामपंचायतीचे नियम आधी पाहावेत. आणि ज्यांचे घर अजून कागदावर आहे, त्यांनी एक पावसाळा घाई करू नये. आधी जागेवर जाऊन ऊन कोठून येते, वारा कोठून वाहतो, पाणी कोणीकडे उतरते हे पाहावे. ज्येष्ठात लिंबू, शेवगा व कढीलिंब लावावा. आणि मगच गवंड्यास बोलवावे. घर एका सालात उभे राहते, झाडास चार-पाच साले लागतात. म्हणून ज्यास वेळ जास्त लागतो त्याची सुरुवात आधी व्हावी.